सहा गेली, सहा आली

गेल्या २९ ऑक्टोबरची गोष्ट. आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून चार दिवसांची रजा टाकून मी इंदूरला गेले होते. लोकमान्यनगरातलं आत्याचं जुनं घर. सकाळचे पोहे-जिलबी आटोपलेली, आत्या काळा चष्मा लावून पलंगावर टेकलेली आणि मामा त्यांच्या नेहमीच्या वेताच्या खुर्चीत टीव्हीसमोर. बातम्या चालू होत्या. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू अंबाल्याच्या हवाई तळावरून राफेल विमानातून उड्डाण करणार होत्या. अंगात वैमानिकाचा पोशाख, हातात शिरस्त्राण, चेहऱ्यावर हसू.

मामांचं वय पंच्याऐंशी. ऐकू कमी येतं, त्यामुळे बातम्या ते नुसत्या बघतात. पण त्या दिवशी खुर्चीत एकदम ताठ झाले आणि म्हणाले, "सतरा."

मला वाटलं, औषधाच्या गोळ्यांचा हिशेब चाललाय. "सतरा काय, मामा?"

"स्क्वाड्रन. ही सतरा नंबरची स्क्वाड्रन आहे, बेटा. माझी."

पलंगावरून आत्याचा आवाज आला, "झालं सुरू! होगली बिड्री. पोर रात्रभर गाडीत जागून आली आहे."

साठ वर्षं इंदुरात काढूनही आत्याच्या तोंडची कानडी गेलेली नाही. रागावली, दुखलं-खुपलं, किंवा फार आनंद झाला की ती बेळगावची होते. पण त्या दिवशी मी तिचं ऐकलं नाही. मोडा ओढून मामांच्या खुर्चीशेजारी बसले. खरं तर चौतीस वर्षं उशिरा बसले. त्या चौतीस वर्षांचा हिशेब आज वाचकांपुढे मांडायचा आहे.

आपल्याकडे आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात. कानडीतही ते ‘माव’च. इंदूरची मंडळी याला हसतात. त्यांच्याकडे हिंदीच्या वळणाने ‘फूफाजी’ चालतं. तर हे आमचे मामा एअरफोर्समध्ये होते, एवढं आम्हा भावंडांना लहानपणापासून ठाऊक होतं. मी सहावीत असताना शाळेत ‘माझे आवडते नातेवाईक’ असा निबंध आला. मी दोन पानं लिहिली. माझे मामा पायलट आहेत, ते ढगांच्या वरून विमान नेतात, त्यांनी लढाईत शत्रूची विमानं पाडली, असं सगळं. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. मी आठवडाभर हवेत होते.

त्याच मे महिन्यात मामा-आत्या बेळगावला आले. आजीने कौतुकाने वही त्यांच्या हातात दिली. मामांनी सगळा निबंध वाचला, हसले आणि म्हणाले, "अगं, मी पायलट नव्हतो. मी खाली असायचो. आर्मरर होतो मी, विमानात दारूगोळा भरायचा."

मी अकरा वर्षांची. सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हणजे काय, नुसते मेकॅनिक?"

मामा म्हणाले, "हो, तसंच समज." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मी ती दोन पानं फाडून बंबात घातली, आणि त्यानंतर मामांना त्यांच्या नोकरीविषयी एक शब्द विचारला नाही. पुढे मी इतिहास घेऊन एम.ए. झाले. गेली वीसेक वर्षं मुलांना पानिपत शिकवते, १८५७ शिकवते, गोवामुक्ती शिकवते. आणि गोवामुक्तीचा एक जिता साक्षीदार माझ्या आत्याच्या घरात वेताच्या खुर्चीवर बसलेला होता, हे मला कधी सुचलं नाही.

त्या सकाळी टीव्हीचा आवाज बंद करून मामा बोलायला लागले. मी त्यांच्या तोंडून ऐकलं, आणि जिथे इतिहासाचा धागा जोडायला हवा तिथे तो मी जोडला आहे.

स्क्वाड्रन म्हणजे काय, हे आपण बहुतेकांना नीट माहीत नसतं. लढाऊ विमानांची स्क्वाड्रन म्हणजे साधारण सोळा-अठरा विमानं, ती चालवणारे वैमानिक, आणि त्यांच्या कितीतरी पट जमिनीवरची माणसं. इंजिन बघणारे, वायरिंग बघणारे, रेडिओ बघणारे, दारूगोळा भरणारे, चाकांपासून पॅराशूटपर्यंत एकेक गोष्ट तपासून सही करणारे. "सही महत्त्वाची," मामा म्हणाले. "माझी सही झाल्याशिवाय पायलट शिडी चढत नसे. मग तो कितीही मोठा साहेब असो."

सतरा नंबरची स्क्वाड्रन १ ऑक्टोबर १९५१ रोजी अंबाल्याला उभी राहिली. पहिले प्रमुख होते फ्लाइट लेफ्टनंट डी. एल. स्प्रिंगेट. सुरुवातीला तिच्याकडे पंख्याची हार्वर्ड विमानं होती, ती खरं तर शिकाऊ कामाची. १९५५ मध्ये व्हॅम्पायर जेट आली आणि १९५७ मध्ये इंग्लंडची हॉकर हंटर. तिला नाव मिळालं ‘गोल्डन ॲरोज’, सोनेरी बाण. ब्रीदवाक्य संस्कृतात आहे, ‘उदयम् अजस्रम्’. सतत उगवत राहणं, असा त्याचा भाव. त्या दोन शब्दांचा खरा अर्थ मला दुपारपर्यंत कळायचा होता.

मामा इंदूरचे. वडील कापड गिरणीत. इंदुरात फौजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शेजारचं महू येतं, लष्कराची छावणी येते. हवाई दलात जाणारं पोर त्या काळी विरळाच. मामा मॅट्रिक होऊन १९५९ मध्ये भरती झाले, शिकून आर्मरर झाले आणि सतरा नंबरला लागले. एकवीस वर्षांचे असताना, १९६१ च्या डिसेंबरात, हंटर विमानांबरोबर येऊन पोचले ते थेट आपल्या सांबऱ्याला.

आज सांबऱ्याला आपण विमान पकडायला जातो. शेजारी हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथली मुलं गणवेशात रस्त्याने दिसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या या धावपट्टीने १९६१ मध्ये काय पाहिलं, हे माझ्या वर्गातल्या साठ मुलांपैकी किती जणांना ठाऊक आहे, असं परत आल्यावर मी विचारलं. एकही हात वर झाला नाही. मुलांना दोष देत नाही. त्यांच्या बाईंनाच कुठे ठाऊक होतं?

पार्श्वभूमी आपल्या भागाला सांगायला नको. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, गोवा मात्र पोर्तुगिजांकडेच राहिला. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गेले तेव्हा त्यांच्यावर गोळ्या चालल्या. बोलणी करून करून थकल्यावर १९६१ च्या डिसेंबरात भारताने सैन्य पाठवायचं ठरवलं. मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची १७ नंबरची डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगत सिंग यांची छत्रीधारी ब्रिगेड आपल्या भागात येऊन दाखल झाली. हवाई दलाच्या कारवाईची सूत्रं एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. बाँबफेकी कॅनबेरा विमानं पुण्याला आणि हंटर सांबऱ्याला.

"आम्हाला काही सांगितलेलं नव्हतं," मामा म्हणाले. "पण रॉकेट भरायला सांगितली की आर्मररला वेगळं सांगावं लागत नाही."

सतरा तारखेची ती रात्र थंडीची होती. विमानांच्या पंखांवर दव साचलेलं. हंटरच्या नाकाखाली ३० मिलिमीटरच्या चार तोफा एकाच पेटीत बसवलेल्या असतात. ती पेटी अख्खी खाली उतरवायची आणि भरलेली दुसरी पेटी साखळीने वर चढवायची. रिकाम्या गोळ्यांच्या कड्या गोळा व्हायला पोटाखाली दोन फुगवटे, ते साफ आहेत ना बघायचं. मग पंखाखाली रॉकेट टांगायची. रॉकेटच्या तारा मात्र अगदी शेवटी, विमान निघायच्या बेताला जोडायच्या. "हाताची बोटं बधिर झालेली," मामांनी आपली आताची थरथरती बोटं पुढे करून दाखवली, "पण तार जोडताना एकदाही हात हलला नाही. हलला असता तर मी आज तुला सांगायला नसतो."

१८ डिसेंबरची सकाळ. पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंडांचे बाँब टाकले. हुकूम स्पष्ट होता. धावपट्टी निकामी करायची, पण विमानतळाच्या इमारतीला हात लावायचा नाही. कारण उद्या ती आपल्याच लोकांच्या उपयोगाची. आणि सांबऱ्याहून स्क्वाड्रन लीडर जयवंत सिंग यांच्याबरोबर सतरा नंबरची सहा हंटर निघाली. त्यांचं लक्ष्य होतं बांबोळीचं वायरलेस केंद्र. ते बंद पडलं की गोव्यातल्या पोर्तुगीज सरकारचा बाहेरच्या जगाशी असलेला आवाजच बंद.

सांबरा ते बांबोळी हवेतून शंभर किलोमीटरही भरत नाही. चोर्ला घाटातून गाडीने जायला आपल्याला तीन तास लागतात. हंटरला दहा मिनिटंही पुरेत. पोर्तुगिजांकडे गोव्यात एकही लढाऊ विमान नव्हतं, हे आज पुस्तकात वाचून आपण म्हणतो, मग कसली भीती? पण धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या एकवीस वर्षांच्या पोराकडे ते पुस्तक नव्हतं.

"विमान गेलं की आपलं काम संपलं असं लोकांना वाटतं," मामा म्हणाले. "आमचं काम तेव्हा सुरू होतं. मोजायचं काम. निघताना मोजायची आणि येताना मोजायची. मध्ये कुणी बोलत नाही. चहा येतो, तो गार होतो. सगळे त्याच दिशेला बघत असतात. मग एक ठिपका. दुसरा. मी बोटांवर मोजली. सहा गेली, सहा आली."

बांबोळीचं केंद्र रॉकेट आणि तोफांच्या माऱ्याने बंद पडलं होतं. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरच्या संध्याकाळी, गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली. साडेचारशे वर्षांची राजवट दोन दिवसांत आटोपली.

इथे मला आणखी एक गोष्ट आठवली आणि मी ती मामांना सांगितली. बांबोळीचा आवाज बंद पडला, पण एक दुसरा आवाज त्याआधी सहा वर्षं आपल्या जंगलातून चालू होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघं १९५५ च्या नोव्हेंबरपासून आंबोली आणि कॅसलरॉकच्या रानातून गुप्त रेडिओ चालवत होते. गोवा मोकळा झाल्यावर त्याच दोघांनी विमानात बसून, ध्वनिक्षेपकावरून आकाशातूनच लोकांना स्वातंत्र्याची बातमी दिली. लिबिया लोबो सरदेसाईंना वयाची शंभरी ओलांडल्यावर, २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मामांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "बघ, म्हणजे आम्ही एक रेडिओ बंद केला आणि त्यांनी एक उघडला. मला कुणी सांगितलंच नाही." एवढी वर्षं त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी त्यांना. फिटंफाट झाली.

आमच्या घराच्या इतिहासात मात्र त्या डिसेंबरला वेगळंच महत्त्व आहे. मामांच्या वडिलांच्या ओळखीतून त्यांना बेळगावातला एक पत्ता मिळाला होता. तो आमच्या आजोबांचा. गोव्याची धामधूम संपल्यावर एका रविवारी मामा सायकलवरून जेवायला आले. आजीने थालीपीठ वाढलं. आत्या अठराची. दारातल्या भाजीवालीशी ती कानडीत घासाघीस करत होती आणि इंदूरचा हा पोरगा तोंड उघडं टाकून ऐकत बसला. आत्या पलंगावरून म्हणाली, "बांबोळी-बिंबोळी मला काय माहीत? त्या सकाळी विमानं गेली तेव्हा कपाटाच्या काचा वाजल्या, एवढंच मला ठाऊक. आणि मग रविवारी हे आले." १९६६ मध्ये लग्न झालं. म्हणजे लिस्बनची सत्ता गेली आणि आम्हाला मामा मिळाले.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. १९६५ च्या युद्धात सतरा नंबर राखीव होती. मामांच्या शब्दांत, "पानं वाढून हात बांधून बसलो." १९७१ मध्ये हीच हंटर विमानं हाशिमारा तळावरून पूर्वेच्या आघाडीवर लढली, पण तोवर मामांची बदली झालेली. ते दुसऱ्या तळावर रेडिओला कान लावून. पंधरा वर्षांची नोकरी पुरी करून १९७४ मध्ये सार्जंट म्हणून ते निवृत्त झाले. आधी गिरणीत आणि मग पीथमपूरच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरी केली. १९७५ मध्ये स्क्वाड्रनची हंटर गेली, मिग-२१ आली. पुढे मुक्काम भटिंड्याजवळच्या भिसियाना तळावर हलला. १९८८ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तिला मानाचा ध्वज मिळाला. मामांनी हे सगळं वर्तमानपत्रातून वाचलं आणि कात्रणं एका बिस्किटाच्या डब्यात ठेवली. लग्नाकार्यात कुणी ओळख करून देई, "हे एअरफोर्समध्ये होते." समोरचा डोळे मोठे करून विचारी, "पायलट?" मामा नाही म्हणत. आणि समोरच्याचे डोळे परत लहान होत. ते मोठे-लहान होणारे डोळे मला चांगले ठाऊक आहेत. त्यांतली एक जोडी माझीच होती.

मग १९९९ चं कारगिल. सतरा नंबरचे प्रमुख तेव्हा विंग कमांडर बी. एस. धनोआ होते. २६ मे रोजी हवाई दलाचे हल्ले सुरू झाले. २७ मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चं इंजिन बंद पडलं आणि त्यांना उडी टाकावी लागली. सतरा नंबरचे स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा मिग-२१ मधून टेहळणीवर होते. सहकारी कुठे उतरला आहे, हे शोधायला ते धोक्याच्या भागात थांबले. खांद्यावरून डागलेलं क्षेपणास्त्र त्यांच्या विमानाला लागलं. त्यांनीही उडी टाकली, पण ते जिवंत परत आले नाहीत. मूळचे कोट्याचे, वय छत्तीस. मरणोत्तर वीरचक्र.

हे सांगताना मामा थांबले. पुढचं आत्याने सांगितलं. त्या रात्री मामा जेवले नाहीत. अंगणात खुर्ची टाकून बसले. आत्या म्हणाली, तुम्ही त्यांना ओळखत होता का? मामा म्हणाले, नाही. नोकरी सोडून पंचवीस वर्षं झाली. मग? तर म्हणाले, "दोन गेली होती की चार, मला ठाऊक नाही. पण सतरा नंबरचं एक आलं नाही."

मी त्या मे महिन्यात कॉलेजात होते. आहुजांच्या फोटोचं कात्रण मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. इंदूरला एक साधं पत्र लिहावं, असं मनातही आलं नाही. कारण मामा ‘पायलट’ नव्हते. देशासाठीचं दुःख टेबलाच्या काचेखाली ठेवायला मला जमत होतं. पण ते ज्याच्या घरात आलं होतं त्याचं दार वाजवायला सुचलं नव्हतं.

कारगिलनंतर मिग-२१ जुनी होत गेली. २०१६ मध्ये स्क्वाड्रनची विमानं काढून घेतली आणि ती बंद झाली. हवाई दलात याला एक खास शब्द आहे. स्क्वाड्रन मोडली असं म्हणत नाहीत. ‘नंबर प्लेट’ झाली म्हणतात. माणसं दुसरीकडे जातात, विमानं जातात. पण क्रमांक, चिन्ह, ध्वज, नोंदी जपून ठेवतात. तो क्रमांक दुसऱ्या कुणाला देऊन टाकत नाहीत. पुन्हा विमानं आली, तर त्याच नावाने ती उभी राहते.

आणि तशी ती राहिली. कारगिलच्या वेळचे तेच धनोआ पुढे हवाई दल प्रमुख झाले. निवृत्तीच्या महिन्यात, १० सप्टेंबर २०१९ रोजी, त्यांच्या उपस्थितीत सतरा नंबर राफेलसाठी पुन्हा सुरू झाली. कुठे? तर अंबाल्यालाच, जिथे ती १९५१ मध्ये जन्मली होती. २९ जुलै २०२० ला पहिली पाच राफेल फ्रान्सहून येऊन अंबाल्याला उतरली. करोनाचे दिवस. इंदुरात कडक बंदोबस्त, घरात दोघंच म्हातारे. मामा टीव्हीसमोर उभे राहून मोजत होते. आत्या म्हणाली, "मला वाटलं, यांना भ्रम झाला. एक, दोन, तीन करत होते." पाच निघाली होती, पाच उतरली.

परवा त्याच अंबाल्यात राष्ट्रपतींनी राफेलमधून उतरल्यावर स्क्वाड्रन लीडर शिवांगी सिंग यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. राफेल चालवणारी ही देशातली पहिली महिला वैमानिक, वाराणसीची, आणि ‘सोनेरी बाण’चीच. आत्याची नात सातवीत आहे. ती शाळेतून आल्यावर टीव्हीवर तो फोटो पुन्हा दाखवत होते. तिने पाहिला आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही पण विमान उडवायचे का?"

माझ्या छातीत धस्स झालं. तोच प्रश्न, तेच वय.

मामा म्हणाले, "नाही बेटा. मी खाली असायचो. उडालेली परत येतात का, ते बघायचो."

मुलीने क्षणभर विचार केला. "म्हणजे तुम्ही चेक केल्याशिवाय ते जायचेच नाहीत?"

"नाही."

"मग तुम्हीच बॉस!" असं म्हणून ती सेवेचा डबा घेऊन पळाली. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मात्र पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. अकराव्या वर्षी जे मला कळलं नव्हतं, ते या पोरीला एका वाक्यात कळलं होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मामांना घेऊन बिजासन टेकडीवर गेले. देवीचं दर्शन झालं. तिथून इंदूरचा विमानतळ जवळच. होळकरांच्या काळात, १९३५ च्या सुमारास सुरू झालेली ही जागा आज अहिल्यादेवींच्या नावाने ओळखली जाते. एक प्रवासी विमान उतरत होतं. मामा कठड्याला धरून बघत राहिले, चाकं टेकेपर्यंत. "आलं," म्हणाले आणि मगच वळले. त्या विमानात त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. सवय जात नाही.

परतताना रिक्षात मी मनाशी बरेच शब्द जुळवून म्हटलं, "मामा, लहानपणी मी तुम्हाला ‘नुसते मेकॅनिक’ म्हटलं होतं. तुम्हाला आठवतं?"

मामांनी कानाला हात लावला. "काय?"

मी पुन्हा म्हटलं. रिक्षाच्या आवाजात त्यांना ऐकू आलं की नाही, देव जाणे. माझा हात थोपटत ते म्हणाले, "निबंध छान होता तुझा. फक्त एक चूक होती."

वाचकहो, म्हणून आज हा मजकूर. चौतीस वर्षांपूर्वी बंबात गेलेल्या दोन पानांची ही दुरुस्त प्रत समजा. माझे मामा पायलट नव्हते. ते आर्मरर होते. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी आपल्या सांबऱ्याहून सहा विमानं गेली आणि सहा आली, त्यांतल्या रॉकेटांच्या तारा ज्या बोटांनी जोडल्या त्यांतली दहा बोटं इंदूरला लोकमान्यनगरात आहेत, आणि आता त्यांना चहाचा कप धरवत नाही.

स्क्वाड्रनकडे विमानं चार वेळा बदलली; हार्वर्ड, व्हॅम्पायर, हंटर, मिग, राफेल. गावं बदलली, माणसं तर कितीदा. तरी सतरा ती सतराच राहिली, कारण मधल्या रिकाम्या वर्षांतही कुणीतरी नंबर जपून ठेवला होता. आपल्या सीमाभागातल्या घरांचंही थोडं असंच आहे. मुलं पुण्याला जातात, बंगळूरला जातात, भाषा मिसळतात, आडनावांचे उच्चार बदलतात. टिकतं काय, तर कुणीतरी आठवणीने जपलेलं. पण जपायला आधी विचारावं लागतं, आणि विचारायला वेळ फार थोडा असतो. हे मी पुस्तकात नाही, वेताच्या खुर्चीशेजारी मोड्यावर बसून शिकले.

सांबरा, बाळेकुंद्री, मुतगा, होनगा, जिथे कुठे हे वाचलं जात असेल, तिथे त्या डिसेंबरात काचा वाजलेल्या ऐकणारी माणसं अजून असतील. कुणी सैनिकांना पाणी दिलं असेल, कुणी भाकऱ्या थापल्या असतील, कुणी नुसतं गच्चीवरून मोजलं असेल. आज रात्री जेवताना त्यांना विचारा. मराठीत विचारा, कानडीत विचारा. ‘तुम्ही कोण होता’ असं नका विचारू. ‘तुम्ही तेव्हा काय करत होता’ असं विचारा. आणि जे सांगतील ते तारीख घालून वहीत उतरवून ठेवा.

मी घरी पोचल्यावर इंदूरला फोन केला. आत्याने उचलला. मामांना सांग, मी पोचले, असं म्हटलं. पलीकडून तिचा मोठ्याने ओरडलेला आवाज ऐकू आला, "अहो, पोचली हो!" आणि मग लांबून, खुर्चीतून, मामांचा.

"आली? बरं झालं."